रोड बाइकची फ्रेम बेतताना

माझे वडील शिंपी होते. शर्ट शिवायला आलेला माणूस "माझी उंची एवढी" असं सांगायला लागला की ते गळ्यातली टेप काढत म्हणायचे, "उंची राहू दे, इकडे उभे राहा." छाती, खांदा, बाही, कंबर अशी आठ-दहा मापं वहीत उतरल्याशिवाय कापडाला कात्री लागत नसे. अशा घरात वाढलेल्या मी पहिली रोड बाइक मात्र टेपला हातही न लावता घेतली.

माझी उंची १६८ सेंटीमीटर, आणि आतल्या बाजूने मोजलेला पाय ८१. उंचीच्या मानाने पाय लांब, धड आखूड. दुकानदाराने पाय मोजले, त्याला ०.६७ ने गुणलं, ५४.३ आले, आणि ५४ ची फ्रेम समोर ठेवली. मी दांडीवरून टांग टाकून उभी राहिले, दोन्ही पाय जमिनीला टेकले, दांडी कुठे रुतली नाही. झालं, घेतली. चुकीचं असं त्यात कुणालाच काही दिसलं नाही, कारण मोजले होते फक्त पाय.

पहिल्या तासाभराच्या राइडमध्ये कळलं की हँडल माझ्यासाठी नाहीच. ब्रेकच्या हूडवर, म्हणजे हँडलवरच्या ब्रेकच्या रबरी मुठींवर, हात ठेवले की कोपर ताठ, खांदे कानापाशी, आणि वीस मिनिटांत तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला मुंग्या. मग मी तेच केलं जे जवळजवळ सगळे करतात: सीट पुढे सरकवली. हात जरा मोकळे झाले, पण दोन आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागलं. आगीतून फुफाट्यात. मग स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा आखूड दांडा, बदलला: ११० मिलिमीटरचा काढून ८० चा लावला. त्यानेही पुरतं भागलं नाही. शेवटी ती सायकल माझ्या मैत्रिणीने घेतली. तिची उंचीही १६८, पण पाय ७७ आणि धड माझ्याहून चार सेंटीमीटर लांब. तिने मूळ ११० चा स्टेम परत लावला, सीट साडेतीन सेंटीमीटर खाली घेतली, आणि आजतागायत तिची तक्रार नाही. एकच उंची, एकच सायकल. मला शिक्षा आणि तिला मजा.

ही चूक तुमची होऊ नये म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे.

आधी अंगाची मापं

आतल्या पायाचं माप असं घ्या. अनवाणी, पाठ भिंतीला टेकून, दोन पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये, कणा वर करून धरा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं वर दाबा. लाजून हलकं धरलंत तर माप दोन सेंटीमीटरने चुकतं. पुस्तकाची कडा भिंतीला नीट टेकलेली हवी, नाहीतर ते तिरकं होतं. दुसऱ्या कुणाकडून कण्यापाशी भिंतीवर पेन्सिलची खूण करून घ्या आणि जमिनीपासून मोजा. तीनदा मोजा, आणि तिन्ही आकडे जुळले नाहीत तर चौथ्यांदा.

त्याच खुणेपासून गळ्याखालच्या खळग्यापर्यंत मोजलं की धडाची लांबी मिळते. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मुठीत धरलेल्या पेन्सिलपर्यंत हाताची. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजलं की हातांचा पल्ला. तो उंचीपेक्षा बराच जास्त असेल तर थोडी लांब सायकलही तुम्हाला चालून जाईल. कमी असेल तर लांब सायकल छळणार.

आता पायाच्या मापाला उंचीने भागा. माझं उत्तर ०.४८, मैत्रिणीचं ०.४६. माझा ठोकताळा असा की हा आकडा ०.४७ च्या आसपास असलेल्या माणसाने कंपनीच्या उंचीच्या तक्त्यावर बऱ्यापैकी विसंबायला हरकत नाही. तो तक्ता अशाच मधल्या माणसासाठी असतो. आपण एका टोकाला असलो तर तक्त्यातलं माप ही फक्त सुरुवात.

सीटच्या उंचीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ग्रेग लेमाँड या अमेरिकी सायकलपटूच्या नावाने ओळखला जाणारा, त्याचे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्याकडून आलेला हिशेब म्हणजे आतला पाय गुणिले ०.८८३. हे अंतर पॅडलचा दांडा, म्हणजे क्रँक, जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटखालच्या नळीच्या, म्हणजे सीट ट्यूबच्या, रेषेत मोजायचं. माझं ७१.५ येतं, मैत्रिणीचं ६८. हा आकडा मी वरची मर्यादा समजते आणि तिथून काही मिलिमीटर खाली येते. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहिला की उंची बरोबर. पण ही उंची तुम्हाला जवळजवळ कुठल्याही फ्रेमवर मिळते, कारण सीटचा दांडा, म्हणजे सीटपोस्ट, वरखाली होतो. म्हणूनच पाय मोजून फ्रेम निवडणं म्हणजे कॉलर सोडून बटणाच्या मापाने शर्ट घेणं.

५४ म्हणजे नेमकं काय?

जुन्या स्टीलच्या सायकलींची वरची दांडी जमिनीला समांतर असायची. तेव्हा फ्रेमचं माप म्हणजे सीट ट्यूबची लांबी, आणि ते कामाचं होतं, कारण बाकीच्या नळ्या त्याच प्रमाणात वाढायच्या. दुकानदाराचा ०.६७ चा गुणाकार त्या जमान्यातला. तेव्हाही एक गोंधळ होताच: कुणी नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं, कुणी मध्यापासून वरच्या टोकापर्यंत. त्यातच एक-दोन सेंटीमीटरचा फरक. जुनी सायकल घेत असाल तर विकणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा.

मग १९९० च्या दशकात जायंट कंपनीने माइक बरोज यांनी डिझाइन केलेली टीसीआर आणली. तिची दांडी मागे उतरती होती, आणि बेतून शिवल्यासारख्या पुष्कळ मापांऐवजी एस, एम, एल अशी मोजकी मापं. उरलेला फरक सीटपोस्टने आणि स्टेमने भरून काढायचा. थोडक्यात, शिंपी जाऊन तयार कपडे आले. आज बहुतेक रोड बाइकची दांडी उतरतीच असते. त्यामुळे ५४ हा आकडा आता कुठल्या नळीची लांबी असेलच असं नाही. एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५२ एवढी असू शकते.

दांडीवरून टांग टाकून उभं राहण्याची परीक्षाही त्यामुळे लंगडी झाली. उतरत्या दांडीवर एक माप मोठी सायकलसुद्धा पास होते. ती परीक्षा इतकंच सांगते की अचानक थांबावं लागलं तर दुखापत होणार नाही. बूट घालून दोन-तीन सेंटीमीटर जागा उरली की तो विषय संपला.

स्टॅक आणि रीच

कंपनीच्या भूमितीच्या तक्त्यात वीसेक रकाने असतात. माझी नजर आधी दोनच शोधते. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सरळ वर, हँडलखालच्या पुढच्या नळीच्या, म्हणजे हेड ट्यूबच्या, माथ्याच्या पातळीपर्यंतची उंची म्हणजे स्टॅक. त्याच मध्यापासून सरळ पुढे, हेड ट्यूबच्या माथ्याच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. फ्रेम किती उंच आणि किती लांब, हे या दोन आकड्यांत येतं, आणि मापाला एस म्हणा की ५४, कंपनीला इथे लपवाछपवी करता येत नाही.

माझ्या पहिल्या ५४ चा स्टॅक ५४५ मिलिमीटर होता, रीच ३८७. सध्याच्या सायकलीवर कंपनीने एस लिहिलंय. तिचा स्टॅक ५५१, रीच ३६६. म्हणजे नावाने लहान असलेली ही फ्रेम सहा मिलिमीटर उंच आहे आणि एकवीस मिलिमीटर आखूड. पहिली शर्यतीसाठीची होती, दुसरी लांब पल्ल्याच्या आरामशीर राइडसाठीची, ज्याला एन्ड्युरन्स म्हणतात. लांब पाय आणि आखूड धड असलेल्यांनी आधी या दुसऱ्या जातीकडे बघावं. सीट उंच जाणार, मग हँडलही उंच नको का?

दोन फ्रेमची तुलना करताना एक चूक हमखास होते. समजा एकीचा स्टॅक ५४० आणि रीच ३८२, दुसरीचा स्टॅक ५६५ आणि रीच ३७६. वरवर पाहता पहिली सहा मिलिमीटर लांब. पण हेड ट्यूब मागे कललेली असते, साधारण ७३ अंशांत. स्टेमखाली १० मिलिमीटर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, घातले की हँडल सुमारे साडेनऊ मिलिमीटर वर येतं आणि सोबत तीन मिलिमीटर मागेही येतं. पहिलीचं हँडल दुसरीच्या उंचीला आणायला सव्वीस मिलिमीटर स्पेसर लागतील, म्हणजे ते साडेसात मिलिमीटर मागे येईल. ३८२ मधून ते वजा करा: ३७४.५. जी लांब वाटत होती ती त्या उंचीला दीड मिलिमीटर आखूडच निघाली! म्हणून नुसत्या रीचची तुलना करू नका. तुम्हाला हँडल ज्या उंचीला हवंय त्या उंचीला दोन्ही फ्रेम कागदावर आणा, मग रीच बघा.

स्पेसरलाही मर्यादा असते. कार्बनच्या स्टीयररवर, म्हणजे हेड ट्यूबमधून वर येणाऱ्या नळीवर, जास्तीत जास्त किती चालतील हे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते वाचा. फ्रेम निवडतानाच स्पेसरचा मनोरा लागणार असं दिसत असेल तर ती फ्रेम तुमची नव्हे. "दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो मला अर्धाच पटतो. लहान फ्रेमला लांब स्टेम लावून लांबी वाढवता येते हे खरं, पण तिची हेड ट्यूब बुटकी असते, आणि पाठ फारशी न वाकणाऱ्या माणसाला तिथेच अडचण येते. लवचीक असाल, हँडल खाली चालत असेल, तर लहान घ्या. उभ्याने वाकून जमिनीला बोटं टेकत नसतील तर आधी स्टॅक बघा आणि मग ठरवा.

तक्त्यात "इफेक्टिव्ह टॉप ट्यूब" नावाचा एक रकाना असतो. पुष्कळ लोक त्यावर फ्रेम निवडतात. त्यात एक गोम आहे. वरच्या दांडीचं हे आडवं माप सीट ट्यूबपासून सुरू होतं, आणि सीट ट्यूबचा कोन मापागणिक बदलतो. मोठ्या फ्रेममध्ये ७३ अंश असेल तर लहानात ७४.५ किंवा ७५. सीट ट्यूब उभी केली की वरचं माप कागदावर आखूड दिसतं, पण सायकलचा पुढचा भाग तेवढाच लांब राहतो. माझ्या सीटच्या उंचीला एका अंशाने सीट सुमारे १२ मिलिमीटर पुढे-मागे होते. तुम्ही सीट आपल्या जागी मागे घेतलीत की "आखूड" फ्रेम परत लांब. लहान मापं घेणाऱ्यांना, म्हणजे बऱ्याच बायकांना, हा चकवा नेहमी लागतो. रीच मात्र बॉटम ब्रॅकेटपासून मोजलेला असल्याने या कोनाने बदलत नाही.

इथेच माझ्या गुडघ्याची कथा पूर्ण होते. सीटची जागा पॅडलच्या हिशेबाने ठरते, हँडलच्या नाही. क्रँक आडवे धरले की पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पॅडलच्या आसाजवळ पडावा, हा जुना आडाखा काही अटळ नियम नाही, पण सुरुवातीला पुरतो. हँडल दूर आहे म्हणून सीट पुढे घेणं म्हणजे बाही लांब झाली म्हणून खांदा उसवणं.

असलेल्या सायकलीवरून माप

तुमच्याकडे किंवा तुमच्याच बांध्याच्या मित्राकडे अंगाला बसलेली रोड बाइक असेल तर अर्धं काम झालंच. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करा, मागचं चाक भिंतीला टेकवा. फरशीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्याची उंची आणि फरशीपासून हेड ट्यूबच्या माथ्याची उंची मोजा. वजाबाकी केली की स्टॅक. भिंतीपासून त्याच दोन ठिकाणांची आडवी अंतरं मोजा, वजाबाकी केली की रीच. हेड ट्यूबच्या माथ्यावरून ओळंबा सोडून फरशीवर खूण केली की आडवं माप चुकत नाही. दोऱ्याला नट बांधलात तरी ओळंबा तयार.

सोबत सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, सीट हँडलपेक्षा किती वर आहे ते, आणि स्टेमची लांबी लिहा. नवीन फ्रेमवर हेच आकडे ९० ते ११० मिलिमीटरच्या स्टेमने आणि दोन-तीन सेंटीमीटर स्पेसरमध्ये जुळत असतील तर ती फ्रेम तुमची. ७० च्या खालचा स्टेम लागतोय म्हणजे फ्रेम लांब. तो लावता येतो, पण मला तरी त्याने सायकल उतारावर चंचल वाटते. १३० लागत असेल तर फ्रेम आखूड.

काही मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर घाबरू नका. बहुतेक स्टेम उलटा बसवता येतो. सहा अंशांचा १०० मिलिमीटरचा स्टेम उलटला की हँडल दोन सेंटीमीटर वर येतं, फुकटात. मात्र केबल स्टेममधून किंवा हँडलमधून आत गेलेल्या नव्या सायकलींमध्ये हे सोपं राहिलेलं नाही. स्टेम बदलायचा तर ब्रेकची नळी सोडवावी लागू शकते. अशी सायकल घेताना हव्या त्या मापाचा स्टेम विकत घेतानाच बदलून मागा. हँडलची रुंदीही तेव्हाच सांगा. खांद्यांच्या दोन हाडांमधलं अंतर साधारण तेवढी. क्रँकच्या लांबीचं तसंच. मी १७२.५ मिलिमीटरवरून १६५ वर आले, सीट साडेसात मिलिमीटर वर घेतली, आणि चढावर गुडघा छातीपाशी येणं थांबलं.

चालवून बघताना

दुकानासमोर दोन फेऱ्या मारून काही कळत नाही. नव्या सायकलीच्या आनंदात पहिली दहा मिनिटं सगळंच छान वाटतं. आधी सीटची उंची आपल्या आकड्यावर लावून घ्या, तीही टेपने, अंदाजाने नव्हे. दुकानात ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येईल असं स्टँड, असेल तर त्यावर वीस मिनिटं चालवा. हूडवर हात असताना कोपर किंचित वाकलेले हवेत. हँडलच्या खालच्या भागात हात नेऊन ब्रेक पूर्ण दाबता येतो का ते बघा. मग ट्रेनरवरच, रस्त्यावर नाही, हात हूडवरून दोन बोटं वर उचला. धड लगेच पुढे कोसळत असेल तर भार हातांवर आहे. सीट फार पुढे आहे किंवा हँडल फार दूर आणि खाली आहे.

लहान मापाच्या फ्रेमवर आणखी एक बघा. क्रँक आडवे धरा, बूट पॅडलवर ठेवा आणि पुढचं चाक वळवा. बोटं चाकाला घासली तर दचकू नका. मोठं चाक आणि लहान फ्रेम यांचं ते जुनं भांडण आहे. वेगात चाक एवढं वळतच नाही. पण गर्दीत हळू वळताना तोल जाऊ शकतो, म्हणून आधी माहीत असलेलं बरं.

सायकल घरी आली की पहिल्या महिन्यात एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि तीही तीन-चार मिलिमीटरच. दर बदलानंतर दोन-तीन राइड होऊ द्या. सीटपोस्टवर, चौकटीत जिथे शिरतो तिथे, मी इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवते. सायकल पेटीत भरताना सीट काढली तरी परत तिथेच बसते. सगळे आकडे तारखेसह वडिलांच्या मापाच्या वहीत लिहिते. त्या वहीची शेवटची काही पानं कोरी होती. माझं पान आहे, मैत्रिणीचं आहे, आणि तिच्या मुलाचं, ज्यात पायाचं माप दर सहा महिन्यांनी खोडून नवीन लिहावं लागतंय.